योंकर रूलांट आणि एकेचाळिसावं कलम

आमच्या स्टेनवेल्ड गावात योंकर म्हणावा असा एकच माणूस होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. योंकर म्हणजे जन्मानं सरदार. मिळकतीनं असेलच असं नाही. माझे भावोजी रूलांट फान मीरहाउट मिळकतीनं अजिबात नव्हते. त्यांच्या गढीभोवती खंदक होता, खंदकात बदकं होती आणि छपरावरची निम्मी कौलंही खंदकातच होती. पण कमरेला तलवार होती. चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला स्वतःचं बाक होतं, आणि बाकाच्या वर भिंतीवर घराण्याची लाकडी ढाल टांगलेली होती. निळ्या रंगावर तीन चंदेरी मासे. मिस्सा चालू असताना भावोजींची नजर वेदीवर असायची, पण मान थोडी वर वळलेली असायची, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. देव त्यांना क्षमा करो, मीही त्या वेळी वेदीकडे पाहत नव्हते.

आमच्या वडिलांचा लिननचा धंदा. चार गावांचं कापड आमच्या कुरणांवर वाळत पडायचं. योसिनाताईला मागणी आली तेव्हा वडिलांनी एकच गोष्ट विचारली, की गढी गळते का. गळते म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, मग सोयरीक जमेल. ताईला ढाल मिळाली, भावोजींना छप्पर मिळालं. दोघांचीही फसवणूक झाली नाही. ज्या सोयरिकी मी पाहिल्या त्यांत ही बरीच सरळ होती.

भावोजी लूवेनच्या विद्यापीठात शिकलेले. चर्चचा कायदा आणि राज्याचा कायदा, दोन्हींचे पंडित. त्या काळात कधी सैनिक यायचे, कधी मूर्ती फोडणारे यायचे, कधी दोघेही एकमेकांच्या मागे यायचे आणि विद्यापीठ बंद पडायचं. त्यामुळे चार वर्षांचं शिक्षण त्यांनी नऊ वर्षांत केलं. पुढे गेंटच्या न्यायालयात वकिली करायला गेले. तिथं त्यांनी तीन खटले लढवले आणि तिन्ही हरले. कारण साधं होतं. उभं राहिलं की ते आधी समोरच्या पक्षाची बाजू मांडायचे. म्हणायचे, विषय पूर्ण व्हायला हवा. ती बाजू ते इतकी नीट मांडायचे की समोरच्या वकिलाला उठायचंच काम पडत नसे. तिसऱ्या खटल्यानंतर त्यांचा स्वतःचा अशील हरल्याबद्दल नाही, तर पटलं म्हणून रडला, असं ताई सांगते. ती हे सांगताना हसत नाही.

मग गावच्या पंचांनी त्यांना गावाचा कायदे-सल्लागार नेमलं. पंचांना कायद्याची फारशी गरज नव्हती, पण पत्राखाली योंकराची सही आली की शेजारची गावं जरा दबकून उत्तर द्यायची. शिवाय भावोजींचं अक्षर सुंदर होतं.

आमच्या मुलखात कायदा पुस्तकात नसायचा, म्हाताऱ्यांच्या डोक्यात असायचा. शेजाऱ्याच्या झाडाची सफरचंदं आपल्या आवारात पडली तर कुणाची, मधमाश्यांचं मोहोळ उडून दुसऱ्याच्या छपराखाली बसलं तर कुणाचं, विधवेला घरातला कुठला पलंग मिळावा, सगळं वहिवाटीवर. ब्रसेल्सहून हुकूम होता की प्रत्येक गावानं आपली वहिवाट लिहून काढावी आणि मंजुरीला पाठवावी. बाकीच्या गावांनी चार-पाच वर्षांत ते उरकलं. आमच्या गावानं ते काम भावोजींना दिलं.

सव्वीस वर्षं लागली.

ते घरोघरी जायचे. कमरेला एका बाजूला तलवार, दुसऱ्या बाजूला दौत. कुणी म्हातारा आजारी पडला असं कळलं की पाद्रीबाबांच्या आधी भावोजी पोचायचे. एकदा मरायला टेकलेल्या कुंभाराला त्यांनी डुकरांच्या वाटेबद्दल सात प्रश्न विचारले आणि त्यानं सातही उत्तरं दिली. त्याची बायको नंतर म्हणाली, बरं झालं तुम्ही आलात, त्या निमित्तानं दोन दिवस जास्त जगले. गाव त्यांना हसायचं, पण दार कुणी लावून घेत नसे. म्हाताऱ्या माणसाचं इतकं मन लावून ऐकणारं दुसरं होतंच कोण.

वहिवाटीबद्दल वाद निघाला की तो मिटवायची आमच्याकडे एक रीत आहे. गावातले दहा जाणते बोलवायचे. त्यांना प्रश्न वाचून दाखवायचा. ते शेजारच्या खोलीत जाऊन आपसात बोलणार, आणि बाहेर येऊन त्यांच्यातला एक जण सगळ्यांच्या वतीनं शपथेवर उत्तर देणार. बाकीच्यांनी दोन बोटं वर करायची. ते उत्तर म्हणजे कायदा. भावोजींनी या रीतीलाही नियम घालून दिले. दहाही जण साठीच्या पुढचे हवेत. ज्याच्यासाठी साक्ष द्यायची त्याचे नातेवाईक नकोत, त्याची कुळं नकोत. आणि जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, ऐकीव काही नाही.

एकेचाळिसावं कलम असंच दहा जणांच्या तोंडून आलं. नदीपलीकडच्या मठाचा एक नोकर दारात तराजू लावून लोणी विकायचा आणि बाजारपट्टी देत नसे, कारण मठ म्हणजे काही दुकान नव्हे. गावकऱ्यांना ते खुपत होतं. दहा जण बसले. त्यांच्या वतीनं बोलायला विनॉक होता. हा तेव्हा नदीवर नाव चालवायचा. नदीवरून पैलतीराला जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या तोंडी लागून गेलेला. विनॉकनं शपथेवर सांगितलं, की जो कुणी उंबऱ्यावर उभा राहून हातात तराजू धरून माल विकतो तो दुकानदारच, मग तो मठाधिपती असो की योंकर. ते शेवटचे शब्द त्यानं जोर यावा म्हणून घातले. भावोजींनी जसेच्या तसे उतरून घेतले.

मठानं लोणी विकणं बंद केलं. मग पंचांच्या लक्षात आलं की कलम तर आहे, आणि गावात घरोघरी बायका अर्ध्या दाराशी, म्हणजे खालची फळी लावून वरची उघडी ठेवून, उभ्या राहून आपल्या गाईचं लोणी विकतात. त्यांनी पट्टी बायकांना लावली. तेव्हापासून एकेचाळिसावं कलम म्हटलं की गावातल्या बायका दात आवळायच्या. त्यात सगळ्यात पुढे पिरिन. ती दोन गाईंवर तीन पोरं वाढवणारी विधवा. आपल्या अर्ध्या दारातून भावोजी जाताना दिसले की ती तराजू उचलून एप्रनखाली लपवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "लोणी नाही बाई, आज फक्त देवाची प्रार्थना." भावोजी टोपी काढून तिला नमस्कार करायचे. त्यांना वाटायचं ती खरंच प्रार्थना करते.

पुस्तक पुरं होत आलं होतं. स्वच्छ प्रत लिहून झाली होती, दोनशे अठरा कलमं, वासराच्या कातड्यात बांधलेली. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस उपासाचे दिवस, संपले की ते ब्रसेल्सला जायचं होतं. भावोजी एकसष्ट वर्षांचे होते. आणि नेमका त्याच हिवाळ्यात ब्रसेल्सहून दुसरा हुकूम आला. देशभर ज्याच्या त्याच्या दारावर, थडग्यावर, गाडीवर ढाली लटकायला लागल्या होत्या, मिठाचे व्यापारीसुद्धा सिंह रंगवून घेत होते. तेव्हा ज्यानं ढाल लावली आहे त्यानं सिद्ध करावं की त्याचा बाप आणि आजा सरदारासारखे राहिले, धंदा केला नाही. नाहीतर ढाल उतरवावी.

भावोजींना हा हुकूम फार आवडला. मिठाच्या व्यापाऱ्यांना चांगली अद्दल घडेल म्हणाले.

"आणि आपलं?" ताईनं विचारलं.

"आपलं काय? आपण तर आहोतच."

पण कागद नव्हते. माझ्या लहानपणीच्या धुमाळीत जुनं नगरभवन जळालं त्यात सगळे गेले. वडिलांची काळजी नव्हती, ते लढाईत मेले होते आणि ते पुष्कळांनी पाहिलं होतं. आजोबांचं काय ते कळत नव्हतं. योरिस फान मीरहाउट. भावोजींना त्यांच्याबद्दल घरात सांगितलेलं एवढंच ठाऊक होतं, की मोठ्या पुरात कुळांची सगळी जमीन पाण्याखाली गेली तेव्हा आजोबा स्वतःच्या हातानं गावाला लोणी वाटायचे. ही गोष्ट ते अभिमानानं सांगायचे. आता कागद नाहीत म्हटल्यावर दहा जणांची साक्ष घेणं आलं, आणि नियम त्यांचेच.

त्या नियमांनी भावोजींची चांगलीच कोंडी केली. जे लोक त्यांच्यासाठी काहीही शपथेवर सांगायला तयार होते ते सगळे त्यांची कुळं होते, किंवा आमच्याकडचे नातेवाईक, किंवा पन्नाशीचे. आमचा चुलतभाऊ तर म्हणाला की योरिसआजोबांना मी रोज तलवार घेऊन फिरताना पाहायचो. योरिसआजोबा वारले तेव्हा हा जन्मलाही नव्हता. भावोजींनी त्याला घरी पाठवलं. शेवटी जे दहा उरले ते सगळे सत्तरीच्या पलीकडचे, कुणाचे मिंधे नसलेले आणि आठवण शाबूत असलेले. म्हणजे नेमके तेच, ज्यांना योरिसआजोबा खरोखर आठवत होते. त्यांच्या वतीनं बोलायला पुन्हा विनॉक. आता तो ब्याऐंशी वर्षांचा होता. नाव मुलाला दिली होती, जीभ स्वतःकडे ठेवली होती.

पॅनकेकच्या मंगळवारी, लेंट लागायच्या आदल्या दिवशी, नगरभवनाच्या वरच्या मजल्यावर सगळे जमले. दहा जणांना खाऊपिऊ घालणं ज्याचं काम त्याच्याकडे असतं, म्हणून ताई आणि मी टोपल्या भरून गरम पॅनकेक आणि गडद बिअरचे घडे घेऊन गेलो होतो. ताई संसारी, मी बेगीन. आम्ही बेगीन बायका लग्न करत नाही, आवारात राहून प्रार्थना करतो, लेस विणतो, आणि नात्यातल्या घरी काम पडलं की जातो. म्हणून मी तिथं दाराशी उभी होते.

ब्रसेल्सचा ढाली तपासणारा अधिकारी शेगडीजवळ बसला होता. सभ्य माणूस, सर्दीनं बेजार झालेला. आमचं गाव हे त्याचं त्या महिन्यातलं नववं होतं. त्यानं प्रश्न वाचला: योरिस फान मीरहाउट सरदारासारखे राहिले का, त्यांनी कुठला धंदा केला का. दहा जण शेजारच्या खोलीत गेले. तिथून बराच वेळ कुजबुज आणि एकदा हसणं ऐकू आलं. भावोजी उभेच होते. ताईनं त्यांना बसायला सांगितलं तर म्हणाले, साक्ष होईपर्यंत संबंधित पक्षानं बसू नये, तसा नियम आहे. कुणाचा नियम ते विचारायची गरज नव्हती.

दहा जण बाहेर आले. विनॉकनं ओठाला लागलेलं लोणी पुसलं.

"योरिसआजोबा होय," तो म्हणाला. "चांगला माणूस. पुराच्या वर्षानंतर गढीच्या अर्ध्या दाराशी उभे राहून लोणी विकायचे. अकरा वर्षं. मी दहा वर्षांचा होतो, आई मला पाठवायची. तराजू स्वतः धरायचे, नोकरावर भरवसा नव्हता. आणि काटा पुरता खाली जाईपर्यंत हलायचे नाहीत. आम्हा सगळ्यांना आठवतंय."

नऊ जणांनी दोन दोन बोटं वर केली. भावोजींच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. फक्त त्यांनी हात मागे नेऊन भिंत चाचपली, जवळ आहे का पाहायला. ताई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "लोणी वाटायचे म्हणे."

अधिकाऱ्यानं लेखणी उचलली. विनॉकनं हात वर केला.

"अजून संपलं नाही, साहेब. आता वहिवाट ऐका. आमच्या गावात आपल्या घरच्या गाईचं लोणी आपल्या दारात विकलं तर त्याला कुणी धंदा म्हणत नाही. गाय म्हणजे घरचं माणूस. तिचं लोणी विकणारा दुकानदार नव्हे, मग तो योंकर असो की विधवा बाई. पूर्वीपासून असंच आहे. दहाही जणांची शपथ."

आणि पुन्हा नऊ जणांची अठरा बोटं.

मला तेव्हा कळलं आत हसू कशाचं आलं होतं. पिरिननं आठवडाभर या दहा म्हाताऱ्यांच्या घरी चकरा मारल्या होत्या, हे आवारात सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला वाटलं ती लोणी पोचवतेय. म्हाताऱ्यांनी एका वाक्यात भावोजींची ढाल वाचवली होती आणि त्याच वाक्यात गावातल्या बायकांची पट्टी उडवली होती. मनात वाईट काही नव्हतं. योंकर आमचाच आहे, राहू दे त्याचे मासे भिंतीवर, आणि जाता जाता आपलंही काम होऊ दे, एवढंच. मी मनातल्या मनात मेरीमातेचे आभार मानायला सुरुवातसुद्धा केली.

अधिकाऱ्यानं नाक पुसलं. "मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "धंदा नव्हता. घराणं सिद्ध झालं." आणि त्यानं मोहरेसाठी लाख मेणबत्तीवर धरली.

"थांबा," भावोजी म्हणाले.

ताईनं डोळे मिटले. तीस वर्षांच्या संसारात तिला तो आवाज ओळखीचा झाला होता. गेंटच्या न्यायालयात तिन्ही वेळा तोच आवाज होता.

भावोजींनी कातडी बांधणीचं पुस्तक टेबलावर ठेवलं, एकेचाळिसावं कलम उघडलं आणि विनॉककडे वळले. ते चिडलेले नव्हते. मास्तर आवडत्या पण वाट चुकलेल्या विद्यार्थ्याकडे पाहतो तसे पाहत होते.

"विनॉकआजोबा, वीस वर्षांपूर्वी याच खोलीत मठाच्या लोण्याबद्दल शपथ कुणी घेतली?"

"घेतली असेल कुणीतरी."

"तुम्ही घेतलीत. मी लिहून घेतलंय. वाचू?"

"अक्षर तुमचं सुंदर आहे, पण राहू द्या."

भावोजींनी वाचलं. मठाधिपती असो की योंकर, इथपर्यंत वाचलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, की मठाच्या गाई मठाच्याच होत्या ना. विनॉक हो म्हणाला. मठाचं दार मठाचंच होतं ना. हो. मग तेव्हा तो धंदा होता आणि आज धंदा नाही, तर मधे गाईमध्ये बदल झाला की देवासमोरच्या शपथेत?

विनॉकचे कान लाल झाले. तो पुढे झुकून हळू बोलला, पण म्हाताऱ्यांचं हळू बोलणं सगळ्यांना ऐकू येतं.

"योंकर, आम्ही तुम्हाला वाचवतोय. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. म्हणूनच विचारतोय."

"अहो, मग वाचवू द्या ना."

अधिकारी मधे पडला. तो म्हणाला पुस्तक अजून मंजूर झालेलं नाही, त्यामुळे आजची साक्ष चालेल. योंकरांनी फक्त एक कलम खोडावं, एक ओळीचं काम आहे. भावोजी म्हणाले एक ओळ खोडता येत नाही. ते कलम दहा जणांच्या शपथेवर उभं आहे, ते खोटं म्हटलं तर बाकीची दोनशे सतरा कशावर उभी आहेत असं ब्रसेल्सनं विचारलं तर काय सांगायचं. सगळं परत येईल. आणि दोन शपथांपैकी एक खोटी ठरली तर या दहा जणांतल्या, तेव्हाही हजर असलेल्या, चार जणांना उद्या, लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, खोट्या शपथेचं पाप घेऊन पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकावे लागतील.

मला वाटतं हे शेवटचं त्यांनी मनापासून म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्यांना खोटं एक वेळ सहन झालं असतं. चूक सहन होत नव्हती. आणि त्या खोलीत वहिवाट चुकीची सांगितली गेली होती.

"साक्षीदारांनी जे पाहिलं ते खरं सांगितलं," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "लोणी, तराजू, अकरा वर्षं. वहिवाट मात्र त्यांनी माझ्यावरच्या मायेपोटी सांगितली. मायेवर वहिवाट होत नाही. मी संबंधित पक्ष म्हणून तेवढा भाग मागत नाही. विनॉकआजोबा, तुमची पहिलीच शपथ कायम आहे ना?"

विनॉकनं बाकीच्या नऊ जणांकडे पाहिलं. कुणी छताकडे पाहत होतं, कुणी पॅनकेककडे.

"कायम आहे," तो म्हणाला. "लिहा साहेब. आजा दुकानदार होता. वजन मात्र बरोबर द्यायचा, तेही लिहा."

अधिकाऱ्यानं ते लिहिलं नाही, तशी जागा फॉर्मात नव्हती. त्यानं लेखणी ठेवली आणि भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं की निराश होऊ नका, अर्ज करा, राजाकडून नवं पत्र मिळेल, तुमच्यापासून नवं सरदार घराणं सुरू होईल. तुमच्यासारख्या विद्वान माणसाला नाही म्हणणार नाहीत.

"मला माझ्यापासून सुरू व्हायचं नव्हतं," भावोजी म्हणाले.

आयुष्यात त्यांनी जिंकलेला तो पहिला खटला. जिना उतरताना ताई त्यांच्या मागे होती. एरवी ती त्यांचा हात धरायची, तलवार पायात येते म्हणून. त्या दिवशी तिनं रिकाम्या टोपल्या धरल्या होत्या. खाली पोचल्यावर तिनं त्या जमिनीवर ठेवल्या. मग म्हणाली, "अहो, एकदा तरी गप्प बसायचं होतं." भावोजी म्हणाले, "बसलो असतो. पण कलम बरोबर होतं गं." ताई पुढे निघाली. मी मागून पाहत होते, तिचे खांदे हलत होते. रडतेय म्हणून मी धावत गेले, तर ती हसत होती, आणि रडतही होती. दोन्ही एकदम करायची सवय तिला लग्नानंतर लागली.

पंधरा दिवसांत ढाल उतरवायची होती. सुतार आला तेव्हा भावोजी स्वतः हजर होते. सुतारानं शिडी लावल्यावर त्यांनी त्याला थांबवलं, कारण हुकुमाप्रमाणे दोन साक्षीदार लागतात आणि तिथं एकच होता. मला उभं केलं. बाई चालेल का यावर ते थोडं अडखळले, मग म्हणाले की याबाबत वहिवाट नाही, तेव्हा चालेल. ढालीमागे भिंतीवर धूर न लागलेला एक पांढरा चौकोन निघाला. रविवारी ताई मधल्या बाकांवर बायकांत बसली. तीस वर्षं ती वेदीजवळच्या त्या बाकावर बाजूच्या दारातून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतात गारठत होती. इथं शेगडी जवळ होती आणि शेजारी बोलायला माणूस होतं. महिन्याभरात तिचा खोकला थांबला. तिनं हे भावोजींना सांगितलं नाही. मलाही पुढच्या वर्षी सांगितलं.

पुस्तक ठरल्याप्रमाणे लेंटनंतर ब्रसेल्सला गेलं. एकेचाळिसाव्या कलमासकट.

आणि ईस्टरच्या सोमवारी पिरिन आली. अर्ध्या दाराशी नाही, सरळ खंदकावरचा पूल ओलांडून आत. भावोजी टेबलाशी बसून मटण आणि भाज्यांचा रस्सा खात होते. तिनं बसायला सांगायची वाट पाहिली नाही.

"योंकर," ती म्हणाली.

"आता योंकर नाही. नुसतं रूलांट म्हण."

"नुसतं रूलांट म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि जे म्हणावंसं वाटतंय ते ताईंसमोर म्हणता येत नाही. तुमचं गेलं ते गेलं. आमचं का घालवलंत? दहा म्हाताऱ्यांना मी आठ दिवस लोणी खायला घातलं. विनॉकनं तर दोनदा मागून घेतलं."

भावोजींनी चमचा ठेवला. ते म्हणाले तुझं म्हणणं रास्त आहे, पण तू चुकीच्या दारानं गेलीस. वहिवाट काय होती ते शपथेनं ठरतं. ती पुढं काय असावी ते पंच ठरवतात. वहिवाट वाईट असेल तर पंचांकडे अर्ज करायचा, म्हाताऱ्यांकडून ती वेगळी होती असं वदवून घ्यायचं नाही.

"मग हे आधी का सांगितलं नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. तू मला पाहिलं की प्रार्थना करायचीस."

पिरिननं ताईकडे पाहिलं. ताईनं खांदे उडवले.

त्याच दिवशी भावोजी अर्ज लिहायला बसले. लिहिता लिहिता थांबले. योंकराला दुकानदारांच्या अर्जावर सही करता येत नाही, त्यांच्या प्रकरणात तो पक्षच होऊ शकत नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की आता येते. अर्जाखाली त्रेचाळीस बायकांनी फुल्या मारल्या, आणि सगळ्यांत खाली सुंदर अक्षरात सही होती: रूलांट फान मीरहाउट, लोणी विकणाऱ्या योरिसचा नातू. गावाच्या सल्लागाराची जागा त्यांनी त्या दिवसापुरती सोडली आणि पंचांसमोर बायकांच्या बाजूनं उभे राहिले. सवयीप्रमाणे आधी पंचांची बाजू मांडायला लागले. पिरिन मागून म्हणाली, "ती त्यांची त्यांना मांडू द्या." त्यांना मागून कुणी थांबवण्याची ही पहिलीच वेळ. ते थांबले, आणि मग एक तास बोलले. गाईला लागणारा चारा, दूध, दारातला चिखल, विधवेचा दिवस, सगळं त्यांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षं ते तेच तर ऐकत फिरले होते.

पंचांनी दुपारीच ठराव केला. आपल्या घरच्या गाईचं लोणी आपल्या दारात विकणाऱ्यावर पट्टी नाही, आणि त्याला दुकानदार समजू नये.

पिरिन बाहेरच्या पायऱ्यांवर थांबली होती. ठराव तिनं भावोजींकडून दोनदा वाचून घेतला, मग तिच्या डोक्यात काहीतरी आलं.

"म्हणजे आता तुमचे आजोबाही दुकानदार नव्हेत," ती म्हणाली. "हाच कागद त्या ब्रसेल्सच्या साहेबाला पाठवा की. मासे परत भिंतीवर."

मी भावोजींकडे पाहिलं. ताईनंही पाहिलं, आणि या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. ठरावाचा कागद त्यांच्या हातात होता, शाई अजून पुरती वाळली नव्हती. ते तो कागद बराच वेळ वाचत राहिले. मला तेवढ्या वेळात एक पूर्ण प्रार्थना म्हणता आली, आणि कशासाठी म्हणतेय ते मला ठरवता आलं नाही.

"ठराव आजपासून पुढे लागू होतो," ते म्हणाले. "मागे नाही."

"कुठं लिहिलंय तसं?"

भावोजींनी तिला ओळ दाखवली. मसुदा त्यांनीच लिहिला होता.

"पिरिन," ताई म्हणाली, "चल, जाऊ दे. हे असेच आहेत." आणि तिनं पायरीवरून उतरताना भावोजींचा हात धरला.